कोणाबरोबर बघशील, ते आधी ठरव

मनू,

"ताई, यंदाच्या चांगल्या सिनेमांची नुसती नावं पाठव, मी जमेल तसे बघेन," असं तू फोनवर म्हणालीस. नुसती नावं मी पाठवणार नाही. नावं काय, पनवेलच्या तुझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोणीही सांगेल. नवरात्र सरत आलं, २०२५ चे नऊ महिने झाले, आणि या नऊ महिन्यांत मी जे बघितलं त्यातून तुझ्यासाठी वेचून काढताना एक गोष्ट मला पक्की पटली आहे. सिनेमा आपल्याला किती भिडतो, ते अर्धं पडद्यावर ठरतं आणि अर्धं शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय त्यावर. घरात तुझ्यासाठी स्थळं यायला लागली आहेत. कितीतरी गोष्टी तुझ्या ओठांवर येतात आणि तू परत गिळतेस. मला दिसतं ते. अशा वेळी योग्य माणसाला योग्य सिनेमाला घेऊन गेलं की आपल्याला न जमणारी सुरुवात पडदा करून देतो. म्हणून प्रत्येक सिनेमापुढे माणसाचं नाव लिहून देते आहे.

पहिला मान 'स्थळ'चा. माझ्या मते या वर्षातला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मराठी सिनेमा. ७ मार्चला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी लागला. दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव हे त्यांचं स्वतःचं गाव, तिथेच चित्रीकरण केलं, आणि पडद्यावरची बहुतेक माणसंही त्याच भागातली, याआधी कॅमेऱ्यासमोर कधी न आलेली. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्येच त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. आपल्यापर्यंत यायला मात्र त्याला दीड वर्ष लागलं.

गोष्ट सविताची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र, स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा. वडील दौलतराव कापूस पिकवणारे, आणि कापसाला भाव आल्याशिवाय लग्नाचा खर्च उभा राहायचा नाही या काळजीत बुडालेले. सिनेमा सुरू होतो तो उलट्या दृश्याने. बायका-पोरी ऐटीत बसल्यात आणि मुलगा मधे बसून उत्तरं देतोय. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. थिएटरात लोक खळखळून हसले. मग कळतं की हे सविताचं स्वप्न. पुढे तेच दृश्य सुलट होऊन येतं, परत येतं, पुन्हा येतं. रांगेने बसलेले पुरुष, समोर सविता, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. दुसऱ्या वेळी हसू कमी झालं. त्यानंतर थिएटरात कोणी हसलं नाही. रंग सावळा, उंची कमी, असले निरोप मागाहून येतात. नंदिनी चिकटे ही मुलगी त्या प्रत्येक वेळी तेवढंच उत्तर देते, पण तिचा चेहरा दर वेळी थोडा थोडा मिटत जातो. रडारड नाही, भाषण नाही. आणि सविताला बायकांच्या सक्षमीकरणाचे धडे शिकवणारे प्राध्यापक त्याच गावात आहेत, हे तू नीट बघ. शेवट मी सांगणार नाही.

हा सिनेमा मी बाबांबरोबर बघितला, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. आज सांगते. मार्चमध्ये 'छावा'चा जोर इतका होता की आपल्याकडे अलिबागला एकही खेळ दुसऱ्या सिनेमाला मिळेना. १४ फेब्रुवारीला लागलेला सिनेमा मार्च उजाडला तरी हाऊसफुल्ल. मग बाबांना म्हटलं, पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच आहे, तर येताना सिनेमा बघू. बाबांना सिनेमाचं वेड आहेच. डेव्हिड अब्राहम चेऊलकरांचं नाव निघालं की अजून "आपल्या चौलचा माणूस" म्हणून छाती फुगते त्यांची, 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचाची नक्कल तर आपण लहानपणापासून बघत आलोय. पण नवे मराठी सिनेमे त्यांनी सोडून दिले होते.

आमच्या घरी नवऱ्याने एक शिस्त लावली आहे आणि ती तूही लावून घे. पनवेलहून सिनेमा बघून निघालं की वडखळ नाका येईपर्यंत "कसा वाटला?" असं कोणी कोणाला विचारायचं नाही. बाहेर पडल्या पडल्या आपण जे बोलतो ते बहुतेक दुसऱ्याचंच ऐकलेलं असतं. तासभर गप्प बसलं की आपलं स्वतःचं मत वर येतं. त्या दिवशी वडखळ गेलं, बाबा बोलले नाहीत. पोयनाड आलं, बाबा खिडकीबाहेर बघतायत. कार्लेखिंड चढताना त्यांनी एकच विचारलं, "आपण मनूला कुठे बसवतो गं?"

मी म्हटलं, "पाटावर."

पुढे घर येईपर्यंत एक शब्द नाही.

एप्रिलमध्ये पेणची मंडळी आली तेव्हाचं आठव. तू ट्रे घेऊन आलीस, आणि बाबांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढून तुला म्हटलं, "बस इथे, माझ्या बाजूला." पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. आई गडबडली. मग त्या मुलाच्या काकांनी उंची विचारली, तर बाबा म्हणाले, "बसलीये ना समोर, दिसतेय ती. तुम्ही तिला कामाबद्दल विचारा, तिला पनवेलला रोज काय काय बघावं लागतं." त्या रात्री तू मला म्हणालीस की बाबा आज वेगळेच वागले. ते का, ते आता कळलं तुला. बाबांना आपण दोघींनी गेली दोन वर्षं कितीदा सांगायचा प्रयत्न केला, आणि ते "रीत आहे ती" म्हणून उठून वाडीत जायचे. सविताने दोन तासांत केलं ते. म्हणून म्हणते, 'स्थळ' तू बघ, पण एकटी बघू नकोस. आता आईला घेऊन बघ. पाटाची हौस तिलाच जास्त आहे.

दुसरा सिनेमा त्या मुलाबरोबर बघायचा, ज्याच्याशी बोलणी थोडी पुढे जातील. 'मिसेस', हिंदी, आरती कडव यांनी केलेला, फेब्रुवारीत थेट झी फाइव्हवर आला. जिओ बेबी यांच्या 'द ग्रेट इंडियन किचन' या २०२१ च्या मल्याळम सिनेमावरून केलाय. मूळ सिनेमा जास्त कडक होता, हे मी कबूल करते, त्यातल्या खरकट्याचा वास जणू आपल्यापर्यंत यायचा. हिंदीत थोडी सफाई आली आहे. तरी सान्या मल्होत्राने ते घर उभं केलंय. नृत्य करणारी मुलगी, डॉक्टर नवरा, गोड बोलणारे सासरे. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. सासरे फक्त इतकंच म्हणतात की चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावरची हवी. फुलका तव्यावरून थेट ताटात यायला हवा. आणि स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप गळतोय, तो दुरुस्त करून दे म्हणून ती नवऱ्याला सांगत राहते. तो हो म्हणतो. पाइप गळत राहतो, खाली ठेवलेली बादली भरत राहते.

हा सिनेमा बघताना तू पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघ. तो पाइप गळताना त्याला अस्वस्थ वाटतंय का? मधेच "अगं पण एवढं काय त्यात?" म्हणाला, तर त्याच क्षणी भांडू नकोस, फक्त लक्षात ठेव. आणि "आमच्याकडे पण असंच असायचं, आई बिचारी..." असं म्हणून तो थांबला, तर त्याला पुढे बोलू दे. तिथून खरी ओळख सुरू होते. चहाच्या हॉटेलात समोरासमोर बसून पगार आणि आवडीनिवडी विचारल्याने जे कळत नाही, ते अशा दोन तासांत कळतं. माझ्या लग्नाआधी आम्ही दोघांनी एकत्र सिनेमा बघितला नव्हता. तेव्हा तशी सोय नव्हती. तुला आहे, तर ती वापर.

आता आई. 'आता थांबायचं नाय' १ मेला लागला, शिवराज वायचळचं दिग्दर्शन. मुंबई महापालिकेतले चतुर्थश्रेणी कर्मचारी, गटारं साफ करणारी, झाडू मारणारी माणसं, रात्रशाळेत जाऊन दहावी पास होतात. खऱ्या घटनेवरून घेतलाय. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघं आहेत, शिकवणारा मास्तर ओम भुतकर, आणि त्यांना शाळेत ढकलणारे साहेब आशुतोष गोवारीकर. भरत जाधवला आपण इतकी वर्षं हसवताना बघितलं, इथे तो कपाळाला आठ्या घालून पुस्तक धरतो तेव्हा त्याचा हात जड झालेला दिसतो, झाडू धरताना जो कधी जड होत नाही. मधे मधे सिनेमा जरा जास्तच रडवायला बघतो. पण एवढ्या प्रामाणिक गोष्टीला ते माफ.

आईला मी मे महिन्यात अलिबागलाच दाखवला. पडद्यावर वर्ग भरला की आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची, गुंडाळायची आणि सोडायची. तुला ठाऊक आहे, तिची शाळा नववीत सुटली, आजोबा गेले आणि वाडीचं बघायला घरात माणूस नव्हतं. या गोष्टीवर ती कधी बोलत नाही. त्या रात्री ओट्यापाशी भांडी विसळताना माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "तो सतरा नंबरचा फॉर्म अजून भरता येतो का गं बाहेरून?"

येतो, मनू. दहावीला खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठी तो सतरा नंबरचा अर्ज आजही आहे, ऑनलाइन भरायचा असतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो. वयाची वरची मर्यादा नाही. मी आईला हे सगळं सांगितलं, तर "बघू" म्हणाली, आणि तेव्हापासून "बघू"च चाललंय. मी थोरली, माझ्यासमोर तिला अवघडल्यासारखं होतं. तू धाकटी, तुझं ती ऐकेल. सिनेमा आता झी फाइव्हवर आहे. घरी आलीस की तिच्याबरोबर परत लाव, आणि संपल्यावर तिच्या शाळेचा दाखला कुठल्या पेटीत आहे एवढंच विचार. अर्जाला मुदत असते, ती निघून जायच्या आत.

त्याच १ मेला 'गुलकंद'ही लागला. हास्यजत्रेची मंडळी, सचिन गोस्वामींचं दिग्दर्शन, सई ताम्हणकर, समीर चौघुले, प्रसाद ओक, ईशा डे. समीर चौघुलेचा साधाभोळा नवरा मला मनापासून आवडला. दमून आलेल्या शुक्रवारी बघायला छान, घरातल्या कोणाहीबरोबर बघ. पण दोन चांगले मराठी सिनेमे एकाच दिवशी लावून एकमेकांचा प्रेक्षक का खायचा, हे मला कळत नाही. सप्टेंबरात तर १२ तारखेला तीन लागले, 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठीला दिवसाचे खेळ मिळतात किती, त्यात तिघांनी काय करायचं?

'फसक्लास दाभाडे' जानेवारीतला, हेमंत ढोमेचा. तो तू आणि मी बघायचा. क्षिती जोग, अमेय वाघ, सिद्धार्थ चांदेकर ही तीन भावंडं, आणि घरात लग्नघाई. आवाज फार आहे सिनेमात, सगळे सतत ओरडतात. पण भावंडं जशी लहानपणीचा एखादा अपमान वीस वर्षं जपून ठेवतात आणि भर मांडवात बाहेर काढतात, ते इतकं खरं आहे की माझ्या घशाशी आलं. क्षिती जोगची ताई बघ. सगळ्यांवर कशी डाफरते ती. तुझ्यावर मी कधी विनाकारण डाफरले असेन, तर तो सिनेमा बघून तुला जे वाटेल ते मला सरळ सांग.

'जारण' मात्र रात्री एकटीने बघू नकोस. हॉस्टेलवर तर मुळीच नको, माझ्याकडे ये. 'दंशकाल' कादंबरीवाले हृषीकेश गुप्ते यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला, जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. बाहेर मुसळधार पाऊस आणि आत अमृता सुभाष आणि अनिता दाते समोरासमोर. करणी, भानामती ही आपल्याकडे कुजबुजीत बोलली जाणारी गोष्ट. कोणाच्या वाडीत लिंबू सापडलं, कोणाच्या उंबऱ्यावर कोणी काय टाकलं, हे आपण ऐकतच मोठ्या झालो. या सिनेमाचा जोर असा की भुताला घाबरवायला तो वापरत नाही, एका बाईच्या मनात ती भीती लहानपणी पेरली गेली तर तिचं पुढे काय होतं ते दाखवतो. अमृता सुभाषच्या डोळ्यांत दोन माणसं एका वेळी दिसतात. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे. आणि सिनेमा संपल्यावर आपण आपल्या शेजारच्या त्या काकूंबद्दल बोलू, ज्यांच्या अंगणातून जायला आपल्याला मनाई होती. त्यांना काय वाटत असेल, हे आपण कधी विचारलंच नाही.

'एप्रिल मे ९९' तुझ्या शाळेतल्या मैत्रिणींबरोबर बघ. रोहन मापुस्कर यांचा, मेमध्ये आलेला. १९९९ ची उन्हाळी सुट्टी, कोकणातलं समुद्राकाठचं गाव, तीन मित्र आणि पुण्याहून आलेली मुलगी. गोष्ट म्हणाल तर मूठभर. पण मोबाइल नसलेल्या दुपारी किती लांब असायच्या, ते त्यात बरोबर पकडलंय. पाहुणे आले की आपल्याला गाव नव्याने दिसतं, हेही. आपल्या नागावला आता शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तू त्यावर चिडतेस, मीही चिडते. हा सिनेमा बघून समुद्रावर जायची वेळ बदलावीशी वाटली मला, सकाळी सहाला, जेव्हा फक्त आपलीच माणसं असतात.

आता तुझ्या एकटीसाठीचा एक. 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', २८ फेब्रुवारीला लागला, रीमा कागतींचा, लेखन वरुण ग्रोव्हर. मालेगावच्या नासिर शेख यांची खरी गोष्ट. यंत्रमागांचं गाव, आठवड्याची एक सुट्टी शुक्रवारची, आणि त्या दिवशी सगळं गाव सिनेमाला. नासिर यांनी लग्नाचं शूटिंग करायच्या कॅमेऱ्यावर गावच्याच पोरांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाचा माहितीपट केला होता, तोही शोधून बघ. ट्रॉली नाही तर सायकलवर कॅमेरा, क्रेन नाही तर बैलगाडी. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक हा मागावर काम करणारा, अंगाने इतका किरकोळ की वारा सुटला तर उडेल. नव्या सिनेमात शशांक अरोराने त्याचं काम केलंय, आणि मी त्या शेवटाला थिएटरात हुंदके देऊन रडले. लाज वाटली नाही.

हा तुझ्या एकटीसाठी का, ते तुला कळलं असेल. गेल्या वर्षी ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यावर चालत जाऊन तू मोबाइलवर जी सात-आठ मिनिटांची फिल्म केलीस, तटावरच्या बायकांची, ती मला अजून दिसते. घोडागाडीच्या चाकाखालचं ओलं पुळण, त्या बायकांच्या हातातल्या टोपल्या, आणि मागून तुझा स्वतःचा दम लागलेला आवाज. चांगली होती. मला बहीण म्हणून नाही, वर्षाला पन्नास सिनेमे बघणारी बाई म्हणून वाटतं ते. नंतर तू काहीच केलं नाहीस, "चांगला कॅमेरा घेतला की करेन" म्हणालीस. मालेगावची ती पोरं बघ आणि मग मला कॅमेऱ्याचं सांग. लग्न ठरेल तेव्हा ठरेल. ते काम त्याच्यासाठी थांबवून ठेवू नकोस, आणि ठरलं तरी सोडू नकोस. हे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगते आहे.

'साबर बोंडं'साठी मला मुंबई गाठावी लागली. मांडव्याहून लाँच सुरू झाल्यात, त्यामुळे सोपं पडलं. १९ सप्टेंबरला लागला, फार थोड्या ठिकाणी. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, आणि जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जगभरच्या कथापटांमध्ये त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या महोत्सवात पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा. आनंद मुंबईत काम करणारा, वडील वारतात, दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी तो आईबरोबर गावी येतो. सुतक, रीतीभाती, येणारे-जाणारे, आणि त्या सगळ्यात नातेवाइकांचा एकच धोशा, आता लग्न कर. आनंदला लग्न करायचं नाही, कारण त्याला पुरुष आवडतात. गावातला लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला परत भेटतो. एवढंच. कोणी कोणावर ओरडत नाही, पाठीमागून संगीत वाजून आपल्याला रड म्हणून सांगत नाही. कॅमेरा लांब उभा राहून बघतो, घाई करत नाही. शेळ्या चरतात, दोघं बसतात, फळं सोलून खातात. काटे काढून सोलायचं फळ आहे ते, आणि बाळ्या ते आनंदसाठी ज्या काळजीने आणतो त्यात सगळं प्रेम येतं.

मला त्यातली आई सगळ्यात आवडली. जयश्री जगताप यांचं काम. तिला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूला उभी आहे, भाऊबंदांच्या गराड्यात राहून, आवाज न चढवता. आपल्या नात्यात कोणी "मला लग्न करायचं नाही" म्हणालं की आपण लगेच कारणं शोधतो, देवाला कौल लावतो, पत्रिका दाखवतो. त्या माणसाजवळ नुसतं बसायचं कसं, हे या बाईकडून शिकावं. हा सिनेमा कोणाबरोबर बघ हे मी सांगत नाही. आधी स्वतः बघ, मग तुलाच आठवेल कोणाला घेऊन जायचं ते.

लग्नाबद्दल बोलणारे तीन सिनेमे एकाच वर्षात आले, 'स्थळ', 'मिसेस', 'साबर बोंडं'. एकाने बघण्याचा कार्यक्रम दाखवला, एकाने त्यानंतरचं स्वयंपाकघर, आणि एकाने लग्नाला नाही म्हणणारा माणूस. तुझ्या या वर्षी हे तिन्ही यावेत हा तुझा योग. तो फुकट घालवू नकोस.

राहिला 'दशावतार'. हा सगळ्यांनी मिळून बघायचा, आई, बाबा, माझे सासू-सासरे, मुलं, जेवढी माणसं गोळा होतील तेवढी. सुबोध खानोलकर यांचा. दक्षिण कोकणातला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी, नजर अधू होत चाललेली, आणि मुलगा म्हणतोय की आता काम थांबवा. पुढे गावच्या जमिनीवर, रानावर खाणवाल्यांची नजर पडते. दिलीप प्रभावळकर यांना ऑगस्टमध्ये ८१ पूर्ण झाली, मनू. त्या वयात रंग फासून, मुकुट चढवून, पाण्यात, जंगलात, रात्रीच्या चित्रीकरणात त्यांनी जे उभं केलंय ते बघताना मी खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून बसले होते. उत्तरार्धात गोष्ट नेहमीच्या सूडाच्या वाटेने जाते, खलनायक ओळखीचे वाटतात, हे मला खटकलं. पण रंग लावताना आरशात बघणारा बाबुली, पावलापावलाने माणसाचा देव होत जाणारा, त्या एका दृश्यातच तिकीट वसूल होतं. आणि डोंगर कोणाचा, रान कोणाचं, हा प्रश्न फक्त सिंधुदुर्गाचा राहिलेला नाही. कार्लेखिंडीच्या पलीकडे जमिनींचे व्यवहार कसे चाललेत ते बाबांना विचार, तासभर बोलतील.

आता व्यवहाराचं. मराठी सिनेमा बघायचा तर पहिल्या शुक्रवार ते रविवारात बघायचा. पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात, आणि आपल्यासारख्या गावी तर सोमवारी सकाळीच खेळ उतरतो, किंवा दुपारी बाराचा होतो, जेव्हा कामावरचं कोणी जाऊ शकत नाही. "चांगला आहे असं ऐकलं की जाऊ" म्हणणाऱ्यांमुळेच चांगले सिनेमे जातात. मोबाइलवर येईल तेव्हा बघू, हाही विचार सोड. मोबाइलवर आपण एकटे असतो, शेजारी बाबा नसतात. आधी परीक्षणं वाचू नकोस, नंतर वाच, भांडायला मजा येते. आणि एक वही ठेव. सिनेमाचं नाव, तारीख, आणि बरोबर कोण होतं, एवढंच लिही. तारे देऊ नकोस. पाच वर्षांनी ती वही उघडशील तेव्हा तुला सिनेमापेक्षा त्या संध्याकाळी जास्त आठवतील, आणि तेच हवंय.

शुक्रवारी 'होमबाउंड' लागलाय, नीरज घेवान यांचा, कान महोत्सवात गेलेला, ऑस्करसाठी भारताकडून निवडलेला. तो मी अजून बघितला नाही. पनवेलला लागला असेल तर पहिल्याच आठवड्यात बघून घे आणि मला सांग.

'दशावतार' अलिबागला अजून चालू आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने ये, रविवारच्या खेळाची तिकिटं मी काढून ठेवते. दसऱ्यानंतर रोह्याची मंडळी येणार आहेत ना, त्या मुलाला फोन करून त्यालाही बोलव. पोहे नंतर होतील, आधी सिनेमा बघू दे सगळ्यांना एकत्र. बाबांना मी विचारलंय, ते हो म्हणालेत. आईला मात्र तूच सांग.

तुझी,
ताई